समासाचे राखणदार

हेर विंकलरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझं बॉलपेन जप्त केलं तेव्हा.

रेगेन्सबर्गला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. दिवसभर मोटारींच्या कारखान्यात कुठून काय खडखडतंय ते शोधायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अनघाशी, म्हणजे बायकोशी, भाजी काय करायची यावर वाद घालायचा, असं आमचं चाललं होतं. पुण्यात कॅम्पातल्या एका गोवेकर सरांकडे मी आठ वर्षं व्हायोलिन शिकलो होतो. ते व्हायोलिन इथे कपाटावर पडून होतं. "वाजव नाहीतर विकून टाक, पण त्याच्यावरची धूळ मी पुसणार नाही," असं अनघाने एकदा स्पष्ट सांगितलं, म्हणून मी गावातल्या हौशी वाद्यवृंदाची चौकशी केली.

जर्मनीत चार माणसांना एक हौस असली की त्यांचा फेराइन होतो, म्हणजे रीतसर नोंदवलेली संस्था, अध्यक्ष, सचिव आणि वार्षिक सभेसकट. आमच्या फेराइनमध्ये एक दाताचे डॉक्टर होते, एक बसचालक होता, शाळामास्तर तर पैशाला पासरी होते. दर मंगळवारी साडेसातला डॅन्यूबच्या पलीकडे, श्टाटआमहोफमधल्या एका शाळेच्या संगीतकक्षात तालीम असे. मला दुसऱ्या व्हायोलिनच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि माझी लायकी पाहता ते योग्यच होतं. मध्येच कंडक्टर काहीतरी म्हणाले, सगळ्यांनी पुढ्यातल्या पानावर खुणा केल्या, म्हणून मीही खिशातलं पेन काढून एक खूण केली. तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझ्या बोटांतून पेन अलगद काढून घेतलं गेलं.

वळून पाहिलं तर पंच्याहत्तरीचे, उंच, सडपातळ, राखाडी कार्डिगन घातलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या हातात एक मऊ शिसाची पेन्सिल ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे पान तुमच्या आधी पुष्कळ लोकांनी वाजवलंय. तुमच्यानंतरही पुष्कळ लोक वाजवणार आहेत. तुम्ही इथे पाहुणे आहात."

माझा चेहरा पडला असणार, कारण शेजारचा बसचालक घाईघाईने कुजबुजला, "अरे, तुझ्या देशाबद्दल नाही म्हणत ते. ते सगळ्यांनाच पाहुणे म्हणतात." पुढच्या मंगळवारी माझं पेन एका पाकिटात घालून परत मिळालं. पाकिटावर माझं नाव, जप्तीची तारीख आणि 'परत केले' असा शेरा होता. सही करायला लावली तीही पेन्सिलने.

हेर विंकलर आमचे नोटेनवार्ट होते. वादकांपुढे ठेवायच्या स्वरलिपीच्या पानांना इथे नोटेन म्हणतात, आणि ती सांभाळणारा तो नोटेनवार्ट. कोणत्याही वाद्यवृंदात हे काम कोणाला नको असतं. हेर विंकलरांकडे ते तीस वर्षं होतं. पूर्वी ते व्हायोला वाजवत. मग संधिवाताने बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकली आणि वाजवणं सुटलं. तरी तालमीच्या पाऊण तास आधी येऊन ते प्रत्येक स्टँडवर पान लावत, आणि तालीम सुरू झाली की व्हायोलाच्या शेवटच्या खुर्चीवर वाद्याविना बसत, शेजारणीची पानं उलटायला. शेजारीण म्हणायची, "त्यांच्याशेजारी चुकीचा सूर लावायची भीती वाटते. काही बोलत नाहीत, नुसतं पानाकडे बघतात."

नोकरी त्यांनी कोर्टाच्या जमीन-नोंदणी कचेरीत केली होती. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलं की बापजाद्यांची जमीनसुद्धा परकी होते, तसंच तिथेही असतं, हे मी त्यांना एकदा सांगितलं तेव्हा त्यांना भारताबद्दल प्रथमच आदर वाटल्यासारखा दिसला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" ते म्हणाले. "जे लिहिलेलं नाही, ते झालेलं नाही. आणि जे लिहिलेलं आहे, ते जिथे लिहिलंय तिथे जाऊन बघायचं." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर निदान पन्नासदा म्हटलं असेल. दुसऱ्या कोणाचं ऐकून लिहायचं नाही, नकलेवरून नक्कल करायची नाही. चाळीस वर्षांच्या सहवासानंतरही फेराइनमध्ये ते सगळ्यांना अहो-जाहो करत. आमच्या अध्यक्षीणबाई, फ्राउ झाइडल, म्हणजे गोल चेहऱ्याच्या, सतत केक भाजणाऱ्या, निवृत्त औषधविक्रेत्या. त्यांनी एका ख्रिसमसला "आता आपण एकमेकांना अरे-तुरे करू या का?" असं विचारलं तर म्हणाले, "विचार करून कळवतो." ते त्यांनी कधीच कळवलं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे खोडण्याचा मंगळवार. कार्यक्रम झाला की पुढच्या मंगळवारी कोणी वाद्य आणायचं नाही. सगळ्यांनी बसून आपापल्या पानावरच्या पेन्सिलच्या खुणा रबराने खोडायच्या. बरीच पानं प्रकाशकाकडून भाड्याने आणलेली असतात आणि ती स्वच्छ करूनच परत द्यावी लागतात, हे खरं. पण हेर विंकलरांनी हा नियम फेराइनच्या स्वतःच्या पानांनाही लावला होता, कारण पुढच्या माणसाला कोरं पान मिळालं पाहिजे. टेबलावर केक, कॉफीचे थर्मास आणि मधोमध रबरांचा डबा. कसं खोडायचं ते नव्या माणसाला स्वतः शिकवत. "डाव्या हाताने कागद धरायचा. रबर एकाच दिशेने फिरवायचं. कागद मांजरासारखा असतो, उलटा हात फिरवलेला त्याला चालत नाही." चाळीस मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी मान खाली घालून रबर घासत आहेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. पुढे मलाही त्यात गोडी वाटायला लागली. कारखान्यात काही पूर्ण झालंय असं कधी वाटत नाही, इथे वाटायचं.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये डॅन्यूब चढली. शाळेच्या तळघरात आमची दोन कपाटं होती. एक नवं, लोखंडी, त्यात फेराइनने वर्गणी काढून विकत घेतलेले नवे संच. दुसरं जुनं, लाकडी, त्याची किल्ली फक्त हेर विंकलरांकडे. त्यांनी दहा जणांना फोन केले. मी पुलाच्या अलीकडेच राहायचो म्हणून पहिला पोचलो. गल्लीत पाणी आलं होतं, अग्निशामक दलाची माणसं फळ्या टाकत होती, आणि हे गृहस्थ गुडघ्यापर्यंत पँट दुमडून जुनं कपाट उघडत होते.

"आधी हे," ते म्हणाले.

मागून कंडक्टर आले. "हेर विंकलर, नवं कपाट! ते आधी हलवा!"

"नवं दुकानात मिळतं," हेर विंकलर म्हणाले आणि एक खोकं माझ्या हातात दिलं. आम्ही बत्तीस खोकी दुसऱ्या मजल्यावर नेली. नव्या कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. कंडक्टर त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत, पण हेर विंकलरांच्या ते लक्षातही आलं नसावं.

वर धापा टाकत बसलो असताना मी विचारलं, यात एवढं काय आहे? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, माझे ओले बूट पाहिले, आणि 'ब्राट्शं' लिहिलेलं खोकं उघडलं. ब्राट्शं म्हणजे व्हायोला. पिवळी पडलेली पानं. त्यांच्या समासात, छापलेल्या सुरांच्या बाजूला, बारीक पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. एका पानावर होतं, 'कोळसा नाही. हातमोजे घालून वाजवलं.' दुसऱ्यावर, 'मुलगा झाला. चार किलो.' तिसऱ्यावर, 'संथ भागात कंडक्टरना डुलकी.' तिथल्या तिथे मी त्या अनोळखी बापाचं अभिनंदन केलं. हेर विंकलर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ते मला अधूनमधून घरी बोलवायला लागले. एकटेच राहत. टेबलावर कॉफी, दोन बिस्किटं मोजून, आणि बुटांच्या खोक्यांत लावलेल्या चिठ्ठ्या. फेराइनला लवकरच शंभर वर्षं पूर्ण होणार होती आणि इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. अडचण अशी होती की सभांच्या वह्यांतून मधली बारा वर्षं गायब होती. इथे मधली बारा वर्षं म्हटलं की कोणती ते सांगावं लागत नाही. ज्या काळात ज्यू माणसांची यादी करून त्यांना आधी संस्थांतून, मग नोकरीतून, मग गावातून काढलं गेलं, ती वर्षं.

"वह्या बॉम्बहल्ल्यात जळल्या असं सांगतात," हेर विंकलर म्हणाले. "मी तपासलं. ज्या इमारतीत त्या होत्या, तिच्यावर एकही बॉम्ब पडला नाही."

मग त्यांनी एक पान माझ्यापुढे ठेवलं. समासात तिरकं, घाईत लिहिलेलं एक वाक्य. 'आज आर. शिवाय. कोणी विचारत नाही.'

शंभर वर्षांत त्या फेराइनमध्ये कोणी काही विचारलं असेल-नसेल, एका व्हायोला वाजवणाऱ्याने मात्र ते पानाच्या कडेला टिपून ठेवलं होतं. आर. कोण, हे लिहिणारा कोण, हे शोधण्यात हेर विंकलरांची सहा वर्षं गेली होती. दर गुरुवारी ते शहराच्या अभिलेखागारात जाऊन बसत. हस्ताक्षर जुळवायला इतर पानांच्या समासातल्या नोंदी लागत. आर.ची तीन नावं निघाली होती, त्यांतलं एक खरं असावं असं त्यांना वाटत होतं. फेराइनच्या शंभर वर्षांत एवढं एक नाव परत त्याच्या जागी छापलं जावं, बाकी इतिहासाचं काय वाटेल ते होवो, असं ते म्हणाले. इतकं लांबलचक वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

चिठ्ठ्या चाळल्या तर प्रत्येकीवर नुसता पत्ता. 'व्हायोला, दुसरा स्टँड, पान चार, डावा समास.' वाक्य कुठेच नाही.

"नोंद उतरवून नाही घेतलीत?"

"नक्कल केली की माणूस मूळ बघायला जात नाही."

"मी मोबाईलवर फोटो काढतो. एका रविवारी सगळी पानं होतील."

ते तयार व्हायला चार महिने लागले. शेवटी म्हणाले, "बरं. पण आत्ता कोणाला सांगू नका. त्या तीन नावांची घरं अजून या गावात आहेत. अर्धवट सांगितलं की त्याची अफवा होते." मी शब्द दिला. दोन्ही शब्द दिले, फोटोचाही आणि गप्प बसण्याचाही. पाळला फक्त दुसरा.

कारण तो रविवार आलाच नाही. एकदा इराला, आमच्या मुलीला, ताप होता. एकदा कारखान्याची माणसं आली होती. एकदा ऊन छान पडलं होतं, म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. अनघा म्हणायची, "अरे, त्या आजोबांचं काम करून टाक ना एकदाचं. किती दिवस ते कॉफी पाजणार तुला?" मी म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. हेर विंकलरांनी एकदाही आठवण केली नाही. दिलेला शब्द माणूस पाळतो, असा त्यांचा समज होता.

फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आधी हॉस्पिटल, मग दूरच्या एका पुनर्वसन केंद्रात महिनोन्‌महिने. फेराइनमधली मंडळी हळहळली. प्रत्येकाला त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं, आणि भल्या माणसांना काहीतरी करावंसं वाटलं की त्यांना थोपवणं कठीण असतं. त्याच सुमारास गावातल्या मुलांच्या वाद्यवृंदाने आमच्याकडे एका जुन्या सिंफनीचा संच मागितला. तो जुन्या कपाटात होता. फ्राउ झाइडलनी हेर विंकलरांच्या भाचीकडून किल्ली मिळवली, कपाट उघडलं, आणि पाहिलं तर सगळी पानं पेन्सिलच्या रेघोट्यांनी भरलेली. बिचाऱ्या विंकलरांना हात दुखत असल्याने हे कपाट कधी खोडता आलं नाही, असं त्यांना वाटलं. तीस वर्षं आपल्याला शिस्त लावणाऱ्या माणसाचं राहून गेलेलं काम आपण पूर्ण करू, म्हणून त्यांनी एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं. निरोपात एवढंच होतं, 'हेर विंकलरांसाठी एक छोटीशी भेट. सकाळी दहा. केक आहे.'

त्या शनिवारी माझ्या सासूबाई पुण्याहून यायच्या होत्या. म्युनिकला विमान उशिरा उतरलं, त्यांची एक बॅग आलीच नाही, तिचा फॉर्म भरण्यात दोन तास गेले. परत येताना गाडी तशीच शाळेकडे वळवली, कारण सासूबाई म्हणाल्या, "अहो, एवढी चकली आणली आहे, त्या लोकांना पण खाऊ द्या की." चार वाजता चकलीचा डबा घेऊन मी संगीतकक्षात शिरलो.

वीस-बावीस जण रबर घासत होते. टेबलांवर रबराचा भुगा, केकचे तुकडे. खिडकीपाशी झालेली खोकी रचून ठेवली होती. सगळ्यात वर होतं ब्राट्शंचं खोकं.

"हे आधी केलं!" फ्राउ झाइडल आनंदाने म्हणाल्या. "त्यांचं वाद्य ना! मी स्वतः केलं, एकही रेघ शिल्लक नाही, बघा."

मी बघितलं. पान खरंच स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की हेर विंकलरांनी शाबासकी दिली असती.

मग मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्यांना सांगितलं. मध्येच शब्द सापडेनात, तेव्हा इंग्रजीत सांगितलं. बसचालकाने हातातलं रबर टेबलावर ठेवलं. फ्राउ झाइडलनी सगळ्यात वरचं पान घेऊन खिडकीशी धरलं, उलटंसुलटं केलं, दिव्याखाली तिरकं धरलं. "काहीतरी दिसतंय," त्या म्हणत राहिल्या, "इथे काहीतरी दिसतंय." काही दिसत नव्हतं. पुढे मी व्हायोलाची सगळी पानं कारखान्यात, भागांवरचे बारीक ओरखडे तपासतात त्या मोजणीच्या खोलीतही नेली. शंभर वर्षांत त्यांच्यावर किती तरी वादकांनी खुणा करून खोडल्या होत्या. त्या सगळ्यांचे ओरखडे एकमेकांवर चढलेले दिसले, अक्षर एकही लागलं नाही.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चूक तुमच्या एकट्याची नाही जावईबापू, पण तुमची आहे." बाकी सगळे माझी समजूत घालत होते, त्यामुळे त्या एका वाक्याने मला जरा बरं वाटलं.

हेर विंकलरांना सांगायला फ्राउ झाइडल आणि मी दोघं गेलो. चाकाच्या खुर्चीत बसले होते, तेच कार्डिगन, बटणं मात्र नर्सने चुकीची लावलेली. फ्राउ झाइडल अर्ध्यावरच रडायला लागल्या. हेर विंकलरांनी डाव्या हाताने खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून त्यांना दिला. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "रबर... एकाच दिशेने... फिरवलंत?"

"हो," फ्राउ झाइडल म्हणाल्या. "तुम्ही शिकवलं तसंच."

"छान," ते म्हणाले.

त्यांनी आरडाओरडा केला असता, मला हाकलून दिलं असतं, तर मी सोसलं असतं. निघताना त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की रविवारी वही घेऊन या.

आता मला रविवार सापडायला लागले. एकही चुकवला नाही. हेर विंकलर डोळे मिटून आठवत आणि मी लिहून घेई. कोळसा, हातमोजे, चार किलोचा मुलगा. पहिल्याच रविवारी आर.चं वाक्य लिहून झालं, आणि मला वाटलं, वाचलं, अजून सगळं वाचलं. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून नोंदी बदलायला लागल्या. मुलगा कधी साडेतीन किलोचा होई. हातमोज्यांची नोंद आधी व्हायोलात होती, मग ती चेलोत गेली. त्यांना ते कळत होतं. वहीतलं मागचं पान काढायला सांगत, ऐकत, आणि कपाळावर आठी पडे.

एका रविवारी म्हणाले, "आर. होता की के.?"

"आर. होता. मी पाहिलंय."

"कोणत्या पानावर? संथ भागात की शेवटच्या?"

मला आठवेना. चिठ्ठ्यांवर पत्ते होते, पण कोणत्या पत्त्यावर कोणतं वाक्य ते कुठेच नव्हतं. खोडलं जाण्याआधी मी ते पान फार तर दोनदा हातात घेतलं होतं, आणि दोन्ही वेळा मला फक्त ते वाक्य दिसलं होतं.

"समास डावा की उजवा?"

"डावा... बहुतेक."

"बहुतेक," हेर विंकलर म्हणाले. "आल्झो, तर मग. तुम्ही साक्षीदार नाही. मीही नाही." त्यांनी डावा हात पुढे केला, माझ्याकडून पेन घेतलं, आणि वहीतल्या त्या वाक्यावर वाकडीतिकडी आडवी रेघ मारली. मग मागचं पान उलटायला सांगितलं आणि तिथेही मारली. मी म्हटलं, हेर विंकलर, निदान एवढं राहू द्या. ते म्हणाले, "जमिनीच्या कचेरीत मी अशी नोंद कोणाचीही घेतली नसती. मग माझी का घ्यायची?" मला त्यांच्या हातातून वही ओढून घ्यावीशी वाटली. मी पान उलटत राहिलो.

फ्राउ झाइडलनी हट्ट धरला. "तुम्हाला आठवतंय तसं छापू. खाली तुमचं नाव घालू." हेर विंकलरांनी नकार दिला. ती तीन नावंही कोणाला सांगितली नाहीत, कारण त्यांतली दोन चुकीची होती आणि कोणती ते आता ठरवता येणार नव्हतं. फेराइनच्या समितीत एक-दोघांना हायसं वाटलं असावं, असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं. पण चेहरा काही पुरावा नव्हे, एवढं मीही आता शिकलो होतो.

शंभर वर्षांच्या इतिहासाचं पुस्तक निघायचं होतंच. फोटो होते, कार्यक्रमांच्या याद्या होत्या, स्थानिक बँकेची आणि बेकरीची जाहिरात होती. त्या बारा वर्षांच्या जागी काय लिहायचं यावर दोन बैठका झाल्या. कोणालाच ते लिहायचं नव्हतं, शेवटी काम माझ्याकडे आलं. मी एक वाक्य लिहिलं. 'या काळातील फेराइनच्या जीवनाविषयी कोणताही लेखी पुरावा आज उपलब्ध नाही.' फ्राउ झाइडलनी त्यात एक शब्द पुढेमागे केला आणि पुस्तक छापायला गेलं.

शतकपूर्तीच्या कार्यक्रमाला हेर विंकलर येऊ शकले नाहीत. तोवर ते गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेले होते. पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन गेलो. दुपारचे चार वाजले होते, खिडकीतून शेजारच्या सुपरमार्केटचं पार्किंग दिसत होतं. आभाराच्या पानावर त्यांचं नाव पहिलं होतं, ते मी दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. एकेक पान डाव्या हाताने उलटत गेले. फोटोंवर थांबले नाहीत. ते वाक्य आलं तेव्हा थांबले.

त्याखाली बोट धरून त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळून बाहेरच्या गाड्यांकडे बघत राहिलो.

"कोणी लिहिलं?"

"मी."

"बरोबर आहे," हेर विंकलर म्हणाले. "यात काही चुकीचं नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. हे खोटं आहे, तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, असं म्हणायचं होतं. पण त्या वाक्यात खरंच काही चुकीचं नव्हतं. लेखी पुरावा नव्हता. तो आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, केक खात नाहीसा केला होता.

तेवढ्यात नर्स त्यांना जेवायला न्यायला आली. तिथे संध्याकाळचं जेवण पाचलाच असतं. तिने खुर्ची दारापर्यंत ढकलली, तशी हेर विंकलरांनी हाताने थांबायची खूण केली. डावा हात माझ्याकडे पुढे केला. मी तो हातात घेतला. बोटं थंड होती. शाळेच्या सभेत उभं राहून बोलावं तसं ताठ बसून, एकेक शब्द नीट उच्चारत, ते म्हणाले, "फेराइनच्या वतीने... तुमच्या कामाबद्दल... मी तुमचे आभार मानतो."

मी "बिट्टं शोन" म्हणालो, आभार मानल्यावर इथे जे म्हणतात ते. दुसरं काय म्हणणार? नर्सने खुर्ची वळवली आणि त्यांना लांबलचक कॉरिडॉरमधून जेवणघराकडे घेऊन गेली. ते पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडंच होतं.